मल्टिकोर चिपमधील डेटा-वाहतुकीचा भार कमी करताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

चिपमधील राउटिंगचा (डेटा कोणत्या मार्गाने न्यायचा हे ठरवण्याचा) भार कमी करण्याचा प्रकल्प हाती घेणारे बहुतेक विद्यार्थी थेट शेवटच्या पायरीला हात घालतात. नवा राउटिंग अल्गोरिदम लिहिला जातो, आलेखावरची एक रेषा दुसरीपेक्षा खाली आलेली दिसते आणि काम संपल्याचे मानले जाते. प्रत्यक्षात त्या चिपमध्ये फिरणाऱ्या पॅकेटांपैकी (डेटाच्या छोट्या गठ्ठ्यांपैकी) कितीतरी पॅकेट निघायलाच नको होती आणि कितीतरी विनाकारण लांब जात होती, हे कोणी तपासलेलेच नसते. म्हणून येथे क्रमावर भर दिला आहे: आधी मोजमाप, मग वाहतूक घटवणे, मग अंतर घटवणे, मग पॅकेटचा आकार, त्यानंतर राउटिंग आणि सर्वांत शेवटी राउटरची अंतर्गत रचना.

हा लेख गोव्यातील अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिला आहे. कोर, कॅश आणि क्लॉक सायकल या संकल्पना परिचित आहेत असे गृहीत धरले आहे. उदाहरणांसाठी ‘जेम-फाइव्ह’ हा सिम्युलेटर आणि त्यातील ‘गार्नेट’ हे नेटवर्क मॉडेल वापरले आहे. चिपची रचना ४×४ मेश, म्हणजे १६ कोर आणि प्रत्येक कोरजवळ एक राउटर (पॅकेट पुढे पाठवणारा घटक), अशी घेतली आहे. जेथे ८×८ मेश लागते तेथे तसे सांगितले आहे.

## ०. पूर्वतयारी

सिम्युलेटरच्या दोन बिल्ड तयार ठेवाव्यात. पहिली कृत्रिम ट्रॅफिकसाठीची हलकी बिल्ड, जिच्यात प्रोसेसर नसतो आणि फक्त नेटवर्क तपासले जाते. दुसरी खरा प्रोग्राम चालवणारी, डिरेक्टरीवर (कोणता डेटा कोणत्या कोरच्या कॅशमध्ये आहे याच्या नोंदवहीवर) आधारित कॅश प्रोटोकॉल असलेली बिल्ड. ८ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर बिल्ड करताना सर्व कोर एकाच वेळी कामाला लावू नयेत; लिंकिंगच्या टप्प्यावर मेमरी संपते आणि येणाऱ्या त्रुटीवरून कोडमध्येच दोष असल्याचा समज होतो. समांतर कामे दोन किंवा तीनवर आणली की ही अडचण सहसा सुटते.

खऱ्या प्रोग्रामचे सिम्युलेशन तासन्‌तास चालते. पावसाळ्यात फोंडा-सत्तरी भागात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून ऑपरेटिंग सिस्टम बूट होऊन प्रोग्रामचा मुख्य भाग सुरू होण्याच्या क्षणी चेकपॉइंट (त्या क्षणाच्या संपूर्ण स्थितीची जतन केलेली प्रत) घेऊन ठेवावा. त्याचा दुसरा फायदा अधिक महत्त्वाचा आहे: एकाच चेकपॉइंटपासून निघालेल्या सगळ्या चाचण्यांची सुरुवातीची स्थिती सारखी राहते.

प्रत्येक चाचणीच्या फोल्डरमध्ये चालवलेली संपूर्ण आज्ञा, सिम्युलेटरची आवृत्ती आणि रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची मालिका ठरवणारी सुरुवातीची संख्या) ही तीन गोष्टी आपोआप लिहिल्या जातील अशी छोटी स्क्रिप्ट करावी. ही स्क्रिप्ट ‘नंतर करू’ म्हणून ठेवली की पंधरवड्यानंतर कोणता आकडा कोणत्या मांडणीचा, हे सांगता येत नाही.

## १. बेसलाइन मोजणे

कृत्रिम ट्रॅफिकच्या बिल्डवर, कोणताही बदल न करता, अत्यंत कमी इंजेक्शन रेटला (नेटवर्कमध्ये पॅकेट सोडण्याच्या दराला) पहिली चाचणी घ्यावी. आलेला लेटन्सीचा (पॅकेट पोहोचायला लागणाऱ्या वेळेचा) आकडा हाताने केलेल्या हिशेबाशी जुळतो का, हे पाहण्यासाठी ही चाचणी असते.

हिशेब असा करावा. ४×४ मेशमध्ये कोणत्याही कोरकडून कोणत्याही कोरकडे समान शक्यतेने पॅकेट जात असेल, तर सरासरी अंतर २.५ हॉप, म्हणजे राउटरपासून शेजारच्या राउटरपर्यंतच्या २.५ टप्प्यांइतके, येते (स्वतःलाच पाठवलेली पॅकेट वगळली तर सुमारे २.६७). गार्नेटमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे राउटरला १ आणि लिंकला (दोन राउटरांमधील जोडणीला) १ सायकल लागते, म्हणजे प्रत्येक हॉपला २ सायकल. पॅकेट ५ फ्लिटचे (लिंकवरून एका सायकलीत जाणाऱ्या तुकड्यांचे) असेल तर शेवटचा फ्लिट पहिल्यानंतर ४ सायकलींनी पोहोचतो. नेटवर्कमध्ये शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या लिंकांच्या काही सायकली त्यात मिळवल्या की उत्तर मिळते. सिम्युलेटरचा आकडा याच्या आसपास नसेल तर पुढे जाऊ नये.

या टप्प्यावर चार चुका सातत्याने होतात.

पहिली चूक एककाची. सिम्युलेटर लेटन्सी टिकमध्ये देतो आणि एक टिक म्हणजे मूळ सेटिंगप्रमाणे एक पिकोसेकंद. नेटवर्कचे क्लॉक २ गिगाहर्ट्झ असेल तर एका सायकलीत ५०० टिक होतात. टिकचा आकडा सायकल म्हणून छापलेला असला की लेटन्सी काही हजारांत दिसते आणि वाचणाऱ्याला अहवालाच्या पहिल्याच पानावर शंका येते.

दुसरी चूक अर्धी लेटन्सी मोजण्याची. एकूण पॅकेट लेटन्सीचे दोन भाग असतात: नेटवर्कमधील प्रवासाचा वेळ आणि उगमापाशी रांगेत थांबण्याचा वेळ. फक्त पहिला भाग दाखवला तर पॅकेटांना दाराबाहेर ताटकळत ठेवणारी रचनाही उत्तम भासते. नेहमी दोन्हींची बेरीज द्यावी.

तिसरी चूक इंजेक्शन रेटच्या अर्थाची. गार्नेटच्या कृत्रिम ट्रॅफिकमध्ये हा दर प्रत्येक नोडला (राउटर आणि त्याचा कोर), प्रत्येक सायकलीला किती *पॅकेट* असा असतो, फ्लिट नव्हे. मूळ सेटिंगमध्ये तीन व्हर्च्युअल नेटवर्कांवर (त्याच तारांवर चालणाऱ्या, पण संदेशांच्या प्रकारानुसार वेगळ्या ठेवलेल्या वाटांवर) पॅकेट वाटली जातात. त्यांपैकी दोन नेटवर्कांवर १ फ्लिटची नियंत्रण पॅकेट जातात आणि तिसऱ्यावर ५ फ्लिटची डेटा पॅकेट, म्हणून सरासरी पॅकेट ७/३, म्हणजे सुमारे २.३३ फ्लिटचे असते. बुकसिमसारख्या दुसऱ्या सिम्युलेटरच्या आकड्यांशी तुलना करण्यापूर्वी दोन्ही दर फ्लिटमध्ये आणावेत.

चौथी चूक सर्वांत घातक. सरासरी लेटन्सी फक्त *पोहोचलेल्या* पॅकेटांची असते. नेटवर्क तुंबले की अडकलेली पॅकेट मोजणीतच येत नाहीत आणि लेटन्सी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

> तपासणी: प्रत्येक चाचणीत पाठवलेली आणि पोहोचलेली पॅकेट शेजारी-शेजारी लिहावीत. फरक चाचणीच्या शेवटी प्रवासात असू शकणाऱ्या मूठभर पॅकेटांइतकाच असावा. चाचणी लांबवली की फरकही वाढत असेल तर नेटवर्क संपृक्त झाले आहे. त्या बिंदूची सरासरी लेटन्सी आलेखात घेऊ नये.

## २. वाहतूक कमी करणे

आता खऱ्या प्रोग्रामकडे वळावे. राउटरला हात न लावता सर्वांत मोठी बचत बहुधा येथेच होते, तरी हाच टप्पा सर्वाधिक वगळला जातो, कारण तो ‘सॉफ्टवेअरचा विषय’ मानला जातो. पॅकेट प्रोग्राममुळेच निर्माण होतात. तेव्हा तो विषय आपलाच आहे.

सुरुवात फॉल्स शेअरिंगपासून करावी. कॅश लाइन ६४ बाइटची असते आणि तिच्यात ८ बाइटचे आठ काउंटर मावतात. आठ थ्रेडनी आपापला काउंटर एका सलग ॲरेमध्ये ठेवला, तर कोणीही कोणाचा डेटा वाचत नसतानाही ती लाइन कोरांमध्ये सतत फिरत राहते. एका कोरने लिहिण्यासाठी लाइन मागितली की डिरेक्टरीकडे विनंती जाते, ती सध्याच्या धारकाकडे पाठवली जाते, धारकाकडून डेटा येतो आणि शेवटी पोच जाते. प्रोटोकॉलनुसार तपशील बदलतो. पण तीन नियंत्रण संदेश आणि एक डेटा पॅकेट धरले तरी अवघ्या ८ बाइटांच्या बदलासाठी ८ फ्लिट चिपभर फिरतात. प्रत्येक काउंटर ६४ बाइटांच्या सीमेवर सुरू होईल अशी मांडणी केली, किंवा थ्रेडने स्थानिक चलात मोजून शेवटी एकदाच बेरीज लिहिली, की ही वाहतूक जवळजवळ नाहीशी होते.

खऱ्या यंत्रावर असा प्रकार शोधण्यासाठी लिनक्सच्या ‘पर्फ’ साधनातील ‘सी-टू-सी’ ही आज्ञा वापरावी. कोणत्या कॅश लाइनवर कोणकोणते कोर झगडत आहेत, हे ती पत्त्यासह दाखवते. व्हर्च्युअल मशीनमध्ये ती बहुधा चालत नाही, म्हणून लॅबमधील प्रत्यक्ष यंत्रावरच चालवावी.

दुसरी जागा लूपच्या क्रमाची. मॅट्रिक्स ओळीओळीने साठवलेले असताना ते स्तंभाने वाचले, तर प्रत्येक ६४ बाइटांच्या लाइनमधील फक्त ८ बाइट वापरले जातात. मॅट्रिक्स मोठे असेल तर उरलेले वापरण्याची वेळ येण्याआधीच लाइन कॅशमधून बाहेर पडते. म्हणजे वाहून आणलेल्या डेटापैकी सात-अष्टमांश भाग वाया जातो. मॅट्रिक्स गुणाकारात आतले दोन लूप अदलाबदल करणे किंवा तुकड्यातुकड्याने काम करणे हा त्यावरचा उपाय आहे.

> इशारा: या टप्प्यानंतर बेसलाइन पुन्हा मोजावी. सुधारलेल्या प्रोग्रामवर चाललेले नवे राउटिंग आणि न सुधारलेल्या प्रोग्रामवर चाललेले जुने राउटिंग यांची तुलना अप्रामाणिक ठरते, मग ती नकळत झालेली का असेना.

## ३. अंतर कमी करणे

एकमेकांशी अधिक बोलणारी कामे शेजारच्या कोरांवर ठेवावीत, हे तत्त्व सर्वांना पाठ असते. ते केव्हा लागू होत नाही, हे मात्र क्वचितच पाहिले जाते.

शेअर्ड एल-टू (दुसऱ्या पातळीच्या) कॅशचे तुकडे सर्व कोरांजवळ विखुरलेले असतील आणि सलग कॅश लाइन एकामागून एक वेगवेगळ्या तुकड्यांना वाटल्या जात असतील, तर एल-वनमध्ये (पहिल्या पातळीच्या कॅशमध्ये) न सापडलेला प्रत्येक पत्ता कोणत्याही तुकड्यात असू शकतो. दोन थ्रेड शेजारी असले तरी त्यांचा डेटा सरासरी २.५ हॉप दूरच राहतो. अशा चिपवर कामांची जागा बदलून फारसा फरक पडत नाही, कारण ट्रॅफिक जवळजवळ समान विखुरलेलेच असते. खाजगी एल-टू, थेट संदेश पाठवणारी रचना, किंवा मेमरीच्या पानानुसार जवळच्या तुकड्याला पत्ते देणारी व्यवस्था असेल तरच पुढचा हिशेब उपयोगी पडतो. म्हणून आधी कॅशची पत्ता-वाटणी पाहावी आणि मगच मांडणीला बसावे.

आता एक छोटे उदाहरण पूर्ण सोडवू. प्रतिमा-प्रक्रियेची चार कामे आहेत: वाचन, गाळणी, कडा-शोध आणि संकोचन. मेमरी कंट्रोलर (०,०) या कोपऱ्यावर आहे. एका फ्रेममागे मेमरीकडून वाचनाकडे ६० एकक डेटा जातो, वाचनाकडून गाळणीकडे ६०, गाळणीकडून कडा-शोधाकडे ६०, कडा-शोधाकडून संकोचनाकडे २० आणि संकोचनाकडून मेमरीकडे ५. एकूण २०५ एकक.

मांडणी क: वाचन (३,०), गाळणी (०,३), कडा-शोध (३,३), संकोचन (१,१). डेटा गुणिले हॉप यांची बेरीज १८० + ३६० + १८० + ८० + १० = ८१०.

मांडणी ख: वाचन (०,०), गाळणी (१,०), कडा-शोध (१,१), संकोचन (०,१). बेरीज ० + ६० + ६० + २० + ५ = १४५.

सरासरी अंतर सुमारे ३.९५ हॉपवरून ०.७१ हॉपवर आले. लेटन्सी आणि लिंकांवर खर्च होणारी ऊर्जा दोन्ही घटली. बहुतेक अहवाल येथेच थांबतात. पण आणखी एक हिशेब बाकी आहे. एक्स-वाय राउटिंगने (आधी आडवे, मग उभे) दोन्ही मांडण्यांचे प्रत्येक लिंकवरचे भार मोजले, तर सर्वांत व्यग्र लिंकवरचा भार दोन्हींत ६० एककच येतो. नेटवर्क दर सेकंदाला जास्तीत जास्त किती फ्रेम वाहू शकेल हे सर्वांत व्यग्र लिंक ठरवते, त्यामुळे ती मर्यादा मांडणी बदलूनही हललेली नाही. बेरीज लेटन्सीबद्दल सांगते, सर्वाधिक लिंकभार थ्रूपुटबद्दल. दोन्ही आकडे काढल्याशिवाय मांडणी ‘चांगली’ म्हणू नये.

कामे थोडी असतील तर सर्व शक्यता तपासता येतात. १६ कामांसाठी तसे करणे अशक्य आहे, कारण मांडण्यांची संख्या १६ फॅक्टोरियल होते. तेव्हा सर्वाधिक बोलणारी जोडी आधी ठेवून बाकीची तिच्याभोवती बसवावीत आणि मग दोन-दोन कामांच्या जागा अदलून बेरीज घटते का ते पाहत जावे. प्रकल्पासाठी एवढे पुरेसे असते.

## ४. पॅकेट आणि लिंकची रुंदी

डेटा संदेश ७२ बाइटांचा असतो: ६४ बाइटांची लाइन आणि ८ बाइटांचे शीर्ष. १२८ बिट रुंदीच्या लिंकवर त्याचे ५ फ्लिट होतात, २५६ बिटवर ३ आणि ६४ बिटवर ९. नियंत्रण संदेश ८ बाइटांचा, म्हणजे तिन्ही ठिकाणी १ फ्लिट. लिंक दुप्पट रुंद केल्यास डेटा पॅकेटमागे फक्त दोन सायकली वाचतात, तर प्रत्येक नियंत्रण पॅकेटमागे ३२ पैकी २४ बाइट रिकामे जातात. राउटरमधील क्रॉसबारचे (येणाऱ्या आणि जाणाऱ्या लिंका जोडणाऱ्या स्विचचे) क्षेत्रफळ रुंदीच्या साधारण वर्गाने वाढते, हेही विसरू नये.

> इशारा: एका रचनेत १२८ आणि दुसरीत २५६ बिट ठेवून ‘लेटन्सी घटली’ असे लिहू नये. तुलना समान तारांच्या संख्येवर करावी.

## ५. राउटिंग

राउटिंगला हात लावण्यापूर्वी लिंकभाराचा तक्ता काढावा. ते कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये होते आणि राउटिंग बदलण्यात अर्थ आहे की नाही, हे त्यावरूनच कळते.

८×८ मेश घ्या. समान विखुरलेल्या ट्रॅफिकमध्ये निम्मी पॅकेट मधली उभी रेषा ओलांडतात. एका बाजूच्या ३२ नोडांनी प्रत्येकी λ फ्लिट पाठवले तर १६λ फ्लिट पलीकडे जातात आणि त्या दिशेला लिंक फक्त ८ आहेत, म्हणून λ ची कमाल मर्यादा ०.५ फ्लिट होते. वर सांगितलेल्या ७/३ फ्लिटच्या सरासरीने हा दर प्रत्येक नोडला, प्रत्येक सायकलीला सुमारे ०.२१ पॅकेट येतो. कोणताही राउटिंग अल्गोरिदम ही मर्यादा ओलांडू शकत नाही. पणजीतील रस्ते कसेही वळवले तरी पर्वरीला जाणाऱ्या गाड्यांना मांडवीवरच्या पुलांवरूनच जावे लागते, तसेच हे आहे. समान ट्रॅफिकवर आपल्या अल्गोरिदमने ०.५ च्या पुढे मजल मारलेली दिसली, तर मोजणी चुकली आहे.

आता ट्रान्सपोज ट्रॅफिक घ्या, ज्यात (क्ष, य) हा नोड (य, क्ष) ला पाठवतो. एक्स-वाय राउटिंगमध्ये शून्याव्या ओळीतील, (०,०) सोडून उरलेल्या, सातही नोडांची पॅकेट डावीकडे जाऊन (०,०) पाशी वळतात. त्यामुळे (१,०) कडून (०,०) कडे जाणाऱ्या एकाच लिंकवर सात प्रवाह येतात आणि मर्यादा १/७, म्हणजे सुमारे ०.१४ फ्लिटवर घसरते, तर त्याच वेळी कितीतरी लिंक रिकाम्या असतात. ॲडॅप्टिव्ह (गर्दी पाहून मार्ग बदलणाऱ्या) राउटिंगचा खरा उपयोग अशाच ठिकाणी असतो. तक्त्यात भार विषम असेल तरच पुढे जावे.

अल्गोरिदम निवडताना डेडलॉकचा (पॅकेट एकमेकांची वाट पाहत कायमची अडकण्याचा) विचार आधी करावा. द्विमितीय मेशमध्ये आठ प्रकारची वळणे असतात. एक्स-वाय त्यांपैकी चार बंद करते, म्हणून ते सुरक्षित पण ताठर असते. वेस्ट-फर्स्ट हा अल्गोरिदम फक्त पश्चिमेकडे वळणारी दोन बंद करते. ऑड-ईव्हन कोणतेही वळण सरसकट बंद न करता सम आणि विषम स्तंभांत वेगवेगळी वळणे बंद करते. आपला अल्गोरिदम लिहिताना कोणती वळणे बंद आहेत याची यादी कोडच्या आधी कागदावर लिहावी. ती लिहिता येत नसेल तर अल्गोरिदम अजून तयार झालेला नाही.

गार्नेटमध्ये येथे एक ठरावीक घोटाळा होतो. मूळ सेटिंगमध्ये राउटिंगचा पर्याय ० असतो, म्हणजे मार्गांच्या तक्त्यावर आधारित राउटिंग. पर्याय १ एक्स-वाय आहे आणि पर्याय २ स्वतः लिहिलेल्या राउटिंगसाठी आहे. विद्यार्थी कस्टम फंक्शनमध्ये कोड लिहितात, पर्याय बदलत नाहीत आणि आपला कोड एकदाही न चालता आलेल्या आकड्यांवर निष्कर्ष काढतात. त्याचप्रमाणे, तक्त्याच्या राउटिंगमध्ये एक्स आणि वाय लिंकांना सारखेच वजन दिले तर समान अंतराच्या मार्गांतून कोणताही निवडला जातो आणि डेडलॉकला वाट मोकळी होते. तयार एक्स-वाय मेश टोपोलॉजीत ही वजने मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात. ती बदलू नयेत.

> तपासणी: (क) आपल्या फंक्शनमध्ये एक छापील ओळ टाकून ते खरोखर चालते याची खात्री करावी. (ख) मर्यादेच्या वरच्या दराने लांब चाचणी चालवावी. तुंबणे अपेक्षित आहे, पण पॅकेट पोहोचणे पूर्ण थांबता कामा नये. थांबले तर तो डेडलॉक आहे.

आणखी एक धोका खऱ्या प्रोग्रामवर गेल्यावरच दिसतो. ॲडॅप्टिव्ह राउटिंगमध्ये एकाच उगमापासून एकाच ठिकाणी जाणारी पॅकेट मागे-पुढे पोहोचू शकतात. काही कॅश प्रोटोकॉल ठरावीक व्हर्च्युअल नेटवर्कांवर क्रम पाळला जाईल असे धरून चालतात. अशा नेटवर्कांवर एक्स-वाय ठेवावे आणि उरलेल्यांवरच नवे राउटिंग लावावे.

## ६. राउटर आणि बफर

येथे दोनच गोष्टी सांगतो.

बफर (पॅकेट तात्पुरती थांबवण्याची जागा) वाचवण्यासाठी व्हर्च्युअल नेटवर्कांची संख्या घटवू नये. विनंती आणि उत्तर वेगळ्या नेटवर्कांवर असतात, ते उत्तराची वाट विनंत्यांच्या रांगेमुळे अडू नये म्हणून. ती एकत्र केली की राउटिंग निर्दोष असूनही प्रोटोकॉलच्या पातळीवर डेडलॉक होतो आणि दोष राउटिंगमध्ये शोधण्यात आठवडे जातात.

दुसरी गोष्ट बफरच्या खोलीची. गार्नेटमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे डेटासाठीच्या प्रत्येक व्हर्च्युअल चॅनेलला (एकाच लिंकवरील स्वतंत्र रांगेला) ४ फ्लिटचा बफर असतो. रचना वास्तवाच्या जवळ आणण्यासाठी राउटरची लेटन्सी १ वरून ३ किंवा ४ सायकल केली, तर क्रेडिट (पुढच्या बफरमध्ये जागा झाल्याची सूचना) परत येण्यास लागणारा वेळही वाढतो आणि तेवढ्यात ४ फ्लिट संपून चॅनेल रिकामा बसतो. राउटरची लेटन्सी बदलल्यास बफरची खोलीही त्याच वेळी तपासावी. अन्यथा थ्रूपुटमधील घसरणीचे खापर राउटिंगवर फुटते.

## ७. निकाल नोंदवणे

प्रत्येक टप्प्याचा परिणाम स्वतंत्र ओळीत द्यावा: केवळ टप्पा २ नंतर, २ आणि ३ नंतर, याप्रमाणे. त्यामुळे सुधारणा नेमकी कशामुळे झाली हे दिसते. कृत्रिम ट्रॅफिकचे किमान दोन प्रकार आणि किमान एक खरा प्रोग्राम असावा. खऱ्या प्रोग्रामसाठी पॅकेट लेटन्सीबरोबर संपूर्ण प्रोग्रामला लागलेला वेळही लिहावा. कॅशमध्येच बहुतेक काम भागणाऱ्या प्रोग्रामवर नेटवर्कची लेटन्सी बरीच घटूनही एकूण वेळ जेमतेम हलतो, आणि तसे झाले असेल तर तसेच लिहावे. कृत्रिम ट्रॅफिकच्या चाचण्या निरनिराळ्या सीडने पाच वेळा तरी चालवाव्यात. त्या पाचांमधील आपसांतला फरक दोन अल्गोरिदमांमधील फरकाइतकाच असेल, तर सुधारणा झाल्याचा दावा मागे घ्यावा आणि पुन्हा लिंकभाराच्या तक्त्याकडे वळावे.